स्वस्थांक सत्त्याण्णव

माझ्या थोरल्या बहिणीचा स्वस्थांक राज्यात सर्वांत मोठा ठरला, म्हणून मी तिला भेटायला गेलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. हे वाक्य जसे घडले तसेच लिहितो आहे. त्यातली लाज झाकील अशी दुसरी रचना मला सापडलेली नाही.

मिरजेबाहेरच्या 'हरितछाया' निवासात बारा माणसे राहत. सगळी प्रौढ, आणि सगळ्यांची बुद्धी त्यांच्या वयाबरोबर चालत आलेली नव्हती. माझी अक्का त्रिशला अडतीस वर्षांची. तिच्याजवळ मोजून साठ-सत्तर शब्द होते. निवासाच्या बोळात रबर अंथरले होते. पाऊल टाकले तरी ते आपलेच आहे याची खात्री होत नव्हती. प्रत्येक दारावर तळहाताएवढा दिवा, त्यात अंक, आणि सारे दिवे हिरवे.

"चपला इथे काढा, मगदूमसाहेब," व्यवस्थापक सबनीस पुटपुटले. "आणि आवाज जरा... तुम्ही मुळातच हळू बोलता म्हणा. आम्हाला असेच पालक आवडतात."

सातव्या दारावर ९७ होते. आत अक्का पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. डाव्या मनगटावर राखाडी पट्टी. मनगट एवढे बारीक कधी झाले, हे मला त्या अंकाने कधी सांगितले नव्हते.

"अक्का, मी आलोय."

फिरणाऱ्या पंख्याकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले आणि नजर पुन्हा भिंतीवर ठेवली. मी थांबून राहिलो. लहानपणी तिला 'श्रेणिक' म्हणता येत नसे. ती 'शेणिक' म्हणे. गल्लीतल्या पोरांनी त्याचे गाणे केले होते. त्या हाकेपायी मी शाळेच्या भिंतीआड रडलो होतो, आईकडे तक्रार केली होती, अक्काचे तोंड हाताने दाबले होते. त्या सकाळी मी तीच हाक ऐकायला आलो होतो. ती आली नाही. दारावरचा अंकही हलला नाही.

"ती जिभेने आवाज करायची," मी म्हणालो. "टक-टका-टक. आमच्याकडे आठ माग होते. वडिलांच्या शेडमध्येच वाढली ती. खूश असली की मागाचा ठेका धरायची."

"पहिले तीन आठवडे करायच्या. अंक घसरायचा. मग आपोआप थांबलं."

"वजन उतरलंय तिचं."

"आदर्श दिशेने. मऊ आहार देतो, चमच्याने. दोन चमच्यांनंतर तोंड मिटतात, आम्ही जबरदस्ती करत नाही."

"डॉक्टरांनी पाहिलंय?"

सबनीस हसले. त्यांच्या हसण्यालाही आवाज नव्हता. "ऐंशीच्या वर तपासणी लागत नाही. नियम तुमच्याच कंपनीच्या शिफारशीवरून झाला. विसरलात?"

"मी तिला चार दिवस घरी नेऊ का?"

"नव्वदच्या वर असलेल्याला हलवायचं तर समितीची परवानगी. दोन महिने. अहो, स्वस्थ बसलेल्या माणसाला उठवायचं कशाला? आता पंचेचाळीसच्या खाली सलग दहा मिनिटं गेल्या असत्या, तर मीच म्हटलं असतं, आत्ता घेऊन जा. आमची सरासरी आम्ही का बिघडवून घ्यावी?" त्यांनी माझ्या खांद्याला अगदी हलकेच स्पर्श केला. "रविवारी सत्कार आहे. 'आधी' आणि 'आता' असा फलक करायचाय. आधीच्या त्या... गोंगाटाच्या जागेतलं रजिस्टरचं एक पान मिळवा. तेवढंच तुमच्याकडून."

अक्काला त्या गोंगाटाच्या जागेतून उचलून इथे मीच आणले होते. तिथे तिचा अंक एकेचाळीस होता. पुण्याला परतल्यावर मी रोज सकाळी फोनवर तिचा अंक पाही. साठ. बहात्तर. अठ्ठ्याऐंशी. चढत्या अंकाबरोबर माझे येणे उतरत गेले. भेटीत मी काय बोलणार होतो? अंक तर माझ्यापेक्षा नेमके बोलत होता.

*

इचलकरंजीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि आपण नेमके काय बनवले आहे, हे स्वतःला पुन्हा सांगू लागलो.

स्वास्थ्यपट्टी चार गोष्टी टिपते: त्वचेवरचा सूक्ष्म घाम, हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर, हाताची हालचाल आणि आवाजाची पट्टी. जे स्वतःचे सुखदुःख सांगू शकत नाहीत, त्यांचे शरीर तरी सांगेल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. अडचण एकच होती. शरीर खळबळले आहे की निवले आहे एवढेच या खुणा सांगतात. खळबळ आनंदाची की भीतीची, हे त्या सांगत नाहीत. तो अर्थ यंत्राला बाहेरून शिकवावा लागतो.

आम्ही तो रजिस्टरांतून शिकवला. चाळीस निवासांत दोन वर्षे पट्ट्या बांधल्या आणि त्याच दोन वर्षांत तिथल्या आयांनी रोज हाताने लिहिलेल्या नोंदी गोळा केल्या. प्रत्येक माणसाला रोज एक ओळ. 'जेवला.' 'हट्ट केला.' 'रडली.' 'शांत.' नावे आणि ठिकाणे काढून, नुसते पट्टीचे क्रमांक ठेवून, ओळी पिसून, त्या एका मराठी जाणणाऱ्या माणसापुढे ठेवल्या. तो माणूस मी. माझी पहिली नोकरी, वय एकवीस. दिवसाला सहा हजार ओळी, प्रत्येकीवर गुणाची खूण. 'रडली', उणे एक. 'ओरडला', उणे एक. 'शांत', अधिक एक. आणि 'शांत झाली', 'शांत झाला' असे दिसले की अधिक दोन; कारण खळबळीतून निवांतपणाकडे जाणे हीच काळजीची सर्वोच्च सिद्धी, असे सूचनापत्रात लिहिले होते. मग यंत्राने नोंदी आणि शरीरे शेजारी ठेवली, आणि कोणत्या खुणांना किती गुण द्यायचे ते आपले आपण शिकले.

मला ते काम आवडले होते. मीही शांतच होतो. 'तुमचा मुलगा किती शांत आहे' हे ऐकत मी वाढलो, आणि आत काय चालले आहे हे कुणी विचारले नाही याचे मला बरेच वाटत आले.

*

त्या गोंगाटाच्या जागेला पाटी होती, पण लोक तिला नुसते 'शेड' म्हणत. जुन्या मागांच्या एका शेडमध्ये इंदुमती पोवार यांनी अकरा जणांचा निवास चालवला होता. सरासरी अंक चव्वेचाळीस आला तेव्हा मान्यता गेली. आता तिथे तीन जण उरले होते, ज्यांना कुणीच नेले नव्हते.

इंदुमावशी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले आणि सोलणे थांबवले नाही.

"या, साहेब. वाट चुकलासा व्हय?"

"मावशी, जरा काम होतं."

"काम असल्याबिगर तू कशाला येतोस? पोरगी पोत्यागत उचलून न्हेलीस तवा 'मावशी, येतो' म्हणायला बी तोंड उघडलं न्हाईस. कागदं फुडं केलीस निस्ती."

आत जेवणाची वेळ झाली होती. तिघे आपापली स्टीलची ताटे चमच्याने बडवत होते. एक बाई हसत होती, एक म्हातारा तिच्यावर खेकसत होता. ताट वाजवल्याशिवाय वाढायचे नाही, हा इथला रिवाज. ज्याला बोलून मागता येत नाही त्याने वाजवून मागावे. एकेकाळी या आवाजाने माझे कान किटत.

"अक्काचा अंक सत्त्याण्णव आलाय," मी म्हणालो. "रविवारी सत्कार आहे. जुन्या रजिस्टरचं एक पान हवं होतं. आधीचं दाखवायला."

मावशींच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"म्हंजे माझ्या घरात ती कशी वाईट हुती, ते माझ्याच रजिस्टरातनं दावायचं? आणि ते मागायला तू आलास? लाज कुठं ठेवून आलास रं, पुण्याला?" त्या उठल्या, आत गेल्या, आणि रजिस्टरांची चळत माझ्यापुढे आदळली. "घे. तुझ्याच हातानं हुडीक."

मी जमिनीवर बसून पाने उलटू लागलो. प्रत्येक माणसाला एक ओळ, तीही चार बोटे रुंद. निळ्या शाईत आयांची थकलेली अक्षरे. एका पानावर हात थबकला. तारीख मला पाठ होती. आई गेली तो दिवस.

'त्रिशला. आई वारली. घरी नेऊन आणली. दिवसभर शांत. जेवली नाही.'

शेडही त्या चाळीस निवासांतलीच होती; ही ओळ नावाशिवाय माझ्यापुढे येऊन गेली असणार. 'दिवसभर शांत': अधिक एक. 'जेवली नाही' यात भावनेचा शब्द नाही म्हणून शून्य. माझ्या बहिणीच्या आयुष्यातल्या सर्वांत काळ्या दिवसाला मी गुण दिला होता.

"मावशी, तुम्ही लोक 'शांत' कधी लिहायचात?"

"लिवायला काय नसलं की." त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "बारा तास उभं राहून पाय मोडल्यात, शेवटाला रजिस्टर भरायचं, ओळ एवढीशी. त्रास दिला न्हाई तर शांत. तापानं पडला तरी शांत. रुसून कोपऱ्यात बसला तरी शांत. त्यो शब्द त्यांचा न्हवंच, आमचा हाय. आमाला शांत."

मी पान उलटले. पुढच्या महिन्यात एक ओळ होती आणि तिच्या कडेला वाळून काळपट झालेले कुंकवाचे बोट.

'कृष्णाबाई. पहाटे शांत झाली.'

"हिला आदल्या रात्री त्रास होत होता का?" मी विचारले. "म्हणजे ओरडत होती, आणि मग शांत झाली?"

आत ताटे वाजायची थांबली होती. वाढणे सुरू झाले असावे.

"शांत झाली म्हंजे गेली, श्रेणिक," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते रागापेक्षा वाईट होते. "आठ दिस अंथरुणाला खिळली हुती, पाणी बी घेईना. मग गेली. मेली असं रजिस्टरात कोण लिवील?"

*

मराठी जाणणारा माणूस म्हणून मला नेमले होते. आईच्या निधनाच्या जाहिरातीत मी स्वतः हाताने लिहिले होते: 'अल्पशा आजाराने शांत झाल्या.' शब्द मला ठाऊक नव्हता असे मी म्हणू शकत नाही. आठवू लागलो तर आठवतेही: सहा हजारांपैकी कुठल्याशा एका ओळीपाशी बोट अडले होते. 'पहाटे' या शब्दापाशी. मग चहा आला, आणि बोट पुढे गेले.

बसस्थानकाच्या बाकावर बसून मी ओळींवर केलेल्या माझ्या जुन्या खुणा फोनवर उघडल्या. 'शांत झाला', 'शांत झाली': तीनशे बारा ओळी. बहुतेक ओळींनंतर त्या माणसांच्या आणखी ओळी होत्या. ते ओरडले होते, निवले होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले होते. एकोणीस ओळींनंतर काहीच नव्हते. त्या क्रमांकांच्या पट्ट्या पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या.

एकोणीस थोड्या, असे वाटेल. पण यंत्र ओळी मोजत नाही, त्या ओळींमागचे शरीर मोजते. आरडाओरड्यानंतरचा निवांतपणा दहा मिनिटांचा. मरणाआधीचा आठ दिवसांचा: घाम नाही, हालचाल नाही, आवाज नाही, ठोके सारख्या अंतराने. सर्वोच्च गुणांच्या रकान्यात हीच मिनिटे लाखांनी भरली होती. यंत्र त्याला जे शिकवले ते प्रामाणिकपणे शिकले होते. अंक शंभराकडे जात होता म्हणजे माणूस कुठे जात होता, हे मला त्या बाकावर कळले.

आणि अक्का सत्त्याण्णववर होती.

मी आमच्या विभागप्रमुख रेवती मॅडमना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. त्या नेहमीच पूर्ण ऐकून घेत.

"श्रेणिक, तू थकलायस."

"मॅडम, खुणा चुकल्या आहेत. मी चुकवल्या आहेत. सगळीकडचे अंक थांबवायला हवेत."

"चारशे निवासांचे अंक एका दिवसात कोसळतील. पालक दारात येऊन उभे राहतील. मग लोक विचारतील, या खुणा कुणी केल्या? तुझं नाव सांगावं लागेल मला. हे लेखी कुठेही द्यायचं नाही. कळलं?"

"माझी बहीण मरतेय."

"तिचा अंक सत्त्याण्णव आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी आयुष्यात कधी कुणाला उलट उत्तर दिले नव्हते. त्या बाकावर बसून एकोणीस ओळी, त्यांचे क्रमांक, त्यांच्या तारखा मी लेखी पाठवल्या. मॅडमना, त्यांच्या वरच्यांना, आणि अंकांवरून मान्यता देणाऱ्या सरकारी कक्षाला. खाली लिहिले: 'चूक करणारा मी आहे.' मग परत शेडकडे गेलो. मावशी दारातच होत्या.

"तिचं ताट आहे का तुमच्याकडे?" मी विचारले.

त्यांनी काठाला तीन पोचे आलेले स्टीलचे ताट आणून माझ्या छातीवर ढकलले. "उद्या मी बी येतो. तुझ्यावर इस्वास न्हाई."

*

मान्यता गेलेल्या माणसाला 'हरितछाया'त प्रवेश नव्हता. सकाळी दहाला मावशी फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिल्या आणि मी पिशवीत ताट घेऊन आत गेलो.

अक्का तशीच होती. तोच पलंग, तीच भिंत. ९७.

मी जमिनीवर बसलो, ताट मांडीवर घेतले आणि चमच्याने वाजवू लागलो. खट-खटा-खट. त्या घरातल्या सगळ्या वस्तू मऊ होत्या. जेवणही रबरी थाळ्यांत वाढत. तिथे तो आवाज एखाद्या अपशब्दासारखा गेला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी 'ऑ?' केले. पलीकडे कुणी हसले. अक्का हलली नाही. ९७. ९७. मी वडिलांच्या मागाचा ठेका आठवून आठवून धरत होतो. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ९६.

"काय चालवलंय हे?" सबनीस दारात उभे होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर चढला होता. "बंद करा! तीन खोल्यांचे दिवे पिवळे झालेत!"

मी घाबरलो, आणि माझा ठेका चुकला.

अक्काची मान वळली.

तेव्हा मला आठवले. वडिलांच्या शेडमध्ये ती सुताच्या कांड्यांच्या टोपलीशेजारी बसे, आणि आठ मागांच्या गदारोळात एखादा धागा तुटला की कामगाराच्या आधी तिला कळे. आवाजातला एक दाणा निखळलेला तिला सहन होत नसे. ती किंचाळे: 'तुटलं!' माग थांबवून बघावे तर खरेच तुटलेले असे. वडील सगळ्यांना सांगत, माझ्या शेडची मुकादम ही.

मी मुद्दाम चुकीचा ठेका धरला. खट-खटा... खट. खट... खटा-खट.

तिचे हात गुडघ्यांवरून उठले. ८८. ओठ वाकडे झाले. ७४. मी आणखी चुकलो. सबनीसांनी ताटाला हात घातला; मी ते पोटाशी धरून वाजवत राहिलो. "मगदूम, हा छळ आहे! मी पोलिसांना बोलावतो!" ते ओरडले, आणि त्यांच्या ओरडण्याने बोळातला आणखी एक दिवा पिवळा झाला.

अक्का उठली. तिला उठता येईल असे मला वाटले नव्हते. दोन पावले लटपटत आली, ताट माझ्या हातातून हिसकावले, आणि होती नव्हती ती शक्ती लावून माझ्या कपाळावर मारले.

"तुटलं!" ती किंचाळली. "शेणिक! तुटलं! तुटलं!"

३९.

पंचेचाळीसच्या खाली, सलग दहा मिनिटे. रडून ती दमू लागे आणि अंक चढू लागे. मग मी जमिनीवर चमचा आपटून पुन्हा चुकीचा ठेका धरी, आणि ती पुन्हा धावून येई. तिने माझे केस ओढले, हाताला चावली. सबनीसांनी छतातून झऱ्याच्या आवाजाची ध्वनिफीत सुरू केली. ती त्या छतावरही ओरडली. दहा मिनिटे मी माझ्या आजारी बहिणीला छळले. तिला वाचवत होतो असे मी नंतर स्वतःला सांगितले. पण त्या दहा मिनिटांत तिला ते ठाऊक नव्हते, आणि तिच्या डोळ्यांत मी जे होतो तेच त्या वेळी खरे होते.

दिवा लाल झाला. सबनीसांच्या मनगटावरचा पडदा वाजला. निवासाची सरासरी नव्वदच्या खाली आली होती.

"'अन्यत्र योग्य'," त्यांनी वाचले, आणि कागद माझ्या अंगावर टाकला. "सही करा आणि घेऊन जा. आत्ता. रविवारचं मी बघतो काय करायचं ते. असले पालक असल्यावर..."

फाटकाशी इंदुमावशींनी अक्काला दोन्ही हातांनी रिक्षात ओढून घेतले. माझ्या कपाळावरचे रक्त पाहून म्हणाल्या, "कुणी मारलं?"

"अक्कानं."

"ब्येस," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात चल."

*

सांगलीच्या दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, किती दिवस नीट जेवलेली नाही? मी म्हणालो, माहीत नाही, अंक चांगला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढचे सगळे प्रश्न मावशींना विचारले. आठवडाभर उशीर झाला असता तर सलाईनने भागले नसते, हे मी दाराआडून ऐकले.

या सगळ्याला आता वीस दिवस झाले. कंपनीने मला कामावरून काढले आहे. 'खुणांमधील वैयक्तिक हलगर्जी' असे पत्रात लिहिले आहे, आणि ते खोटे नाही. सरकारी कक्षाकडून पोच आली आहे, उत्तर नाही. चारशे निवासांच्या दारांवर दिवे हिरवेच आहेत. काही पालकांना माझा पत्ता मिळाला. त्यांचे निरोप येतात. एका बापाने लिहिले: 'माझ्या मुलीचा अंक ब्याण्णव आहे. तुला काय त्रास होतो?' त्याला मी तीनदा उत्तर लिहिले आणि तिन्ही वेळा पाठवले. तो अजून गेलेला नाही तिला बघायला.

अक्का शेडमध्ये आहे. पट्टी मावशींनी लसणाच्या टोपलीत टाकली आहे. मी तिथेच एका कोपऱ्यात राहतो, भांडी घासतो, दुपारी एकेका निवासाला पत्र लिहितो. काल संध्याकाळी मावशींनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवले.

"लय दिस दुसऱ्यांनी लिवल्यालं वाचलंस. आता तू लिव. आणि त्यो शब्द लिवलास तर हात मोडीन."

मी बारीक अक्षरांत, दाटीवाटीने लिहिले: 'त्रिशला. सकाळी एक भाकरी, दुपारी दीड. ताट वाजवून मागितली. भाऊ शेजारी बसला तेव्हा ताट उचलून दुसरीकडे गेली. भावाने हाक मारली, ओ दिली नाही. जिभेचा ठेका अजून नाही. रागावलेली आहे.'

मावशींनी चष्मा लावून वाचले.

"का रागावली, ते?"

"ओळ संपली, मावशी."

"मग?"

रजिस्टरात प्रत्येक माणसाला एकच ओळ आखलेली असते. मी पेन घेतले आणि खालच्या ओळीत उतरलो.